इमेज हलवायची, पण आधी बोजा बघायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर पाच सर्व्हर आहेत. त्यांवर प्रॉक्समॉक्स चालतं, म्हणजे एका मशीनमध्ये अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्याच पाच मशीनांतल्या डिस्क 'सेफ' (Ceph) या सॉफ्टवेअरनं एकत्र बांधून सामायिक स्टोरेज केलेलं आहे. व्हीएमची प्रत्येक डिस्क त्यात एक इमेज म्हणून असते. एका फाउंड्री ग्रुपचा ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), टॅली, पॅटर्नची ड्रॉइंग्ज, गेटवरच्या आणि शॉपमधल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, नव्या पोरांच्या ट्रेनिंगसाठीच्या विंडोजच्या व्हीएम, सगळा संसार त्यावर. हे क्लस्टर, म्हणजे पाच मशीनांचा गट, उभं केलं तेव्हा डिस्क सगळ्या फिरत्या (एचडीडी) होत्या. पूल, म्हणजे स्टोरेजचा कप्पा, एकच केला आणि जे येईल ते त्यात टाकत गेलो.

पुढं ईआरपीचा डेटाबेस फुगला. महिनाअखेरीला स्टॉकचा रिपोर्ट लावून अकाउंट्सच्या मॅडम जेवून यायच्या, तरी तो निम्म्यावरच असायचा. शेवटी प्रत्येक सर्व्हरमध्ये एनव्हीएमई (न फिरणाऱ्या, खूप वेगवान) डिस्क बसवायला मालकांनी होकार दिला. अट एकच: जे काय करायचं ते पाऊस जोर धरायच्या आत.

बाहेरच्या ॲडमिनला ही अट विचित्र वाटेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आमचे सर्व्हर वरच्या मजल्यावर आहेत, त्यांना पाणी लागत नाही. पण कोल्हापुरातून निघालेला माणूस त्यांच्यापर्यंत पोचत नाही. डिस्क हलवण्याचं काम अर्धवट टाकून रस्ता बंद होण्याची वाट बघत बसायची माझी तयारी नव्हती.

पहिली सूचना आमच्या ज्युनिअरची. "सर, पूलचा नियम बदलला की झालं की. डेटा आपोआप जातोय." त्याचं म्हणणं बरोबर होतं. सेफमध्ये कुठला डेटा कुठल्या डिस्कवर बसायचा हे क्रश नावाचा अल्गोरिदम ठरवतो. पूलला लावलेला क्रशचा नियम बदलला की क्लस्टर स्वतःच सगळा माल उचलून नव्या जागी नेतं. व्हीएम बंद करावी लागत नाही, इमेजचं नाव बदलत नाही, कुणाला कळतही नाही. पूल सगळाच्या सगळा न्यायचा असेल तर याहून सोपी वाट नाही, आणि तसं असताना कुणी एकेक इमेज हलवत बसला तर मी त्याला थांबवीन. आमचं तसं नव्हतं. एनव्हीएमईवर जागा होती ती ईआरपी आणि दोन-चार डेटाबेसपुरती. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगला त्या किमतीची डिस्क द्यायची म्हणजे मालकांनी मला गेटवरच बसवलं असतं.

त्या नियमाचा उपयोग मात्र दुसऱ्या कारणासाठी करावाच लागला. सेफ प्रत्येक डिस्कला वर्ग लावतं: एचडीडी, एसएसडी, एनव्हीएमई. पण सुरुवातीला आपोआप तयार होणारा नियम हा वर्ग बघतच नाही. त्याच्या लेखी डिस्क म्हणजे डिस्क. म्हणजे नवीन एनव्हीएमई लावल्या की जुना पूल त्यांच्यावरही पसरायला लागणार, आणि मग जागा मोकळी ठेवायची कशी? म्हणून आधी जुन्या पूलला 'फक्त एचडीडी' असा नियम दिला. यात एक गंमत आहे. तेव्हा क्लस्टरमध्ये एचडीडीशिवाय काहीच नव्हतं, तरीही नियम बदलल्याबरोबर भरपूर डेटा इकडचा तिकडं व्हायला लागला. कारण प्रत्येक वर्गासाठी सेफ आतून एक वेगळं झाड ठेवतं, त्यातल्या फांद्यांचे क्रमांक वेगळे, आणि क्रशचं गणित त्या क्रमांकांवरच चालतं. हे टाळायला क्रशटूलमध्ये रिक्लासिफाय नावाची सोय आहे. आमच्याकडं सुट्टी होती, जागा होती, म्हणून आम्ही हलू दिलं. ज्यांचं क्लस्टर भरत आलंय त्यांनी तसं करू नये.

मग एकेक इमेज हलवण्याचे मार्ग बघायला बसलो. सेफच्या तळाशी असलेल्या रॅडॉसची एक जुनी पूल-कॉपीची कमांड आहे, ती स्नॅपशॉट, म्हणजे इमेजच्या मागच्या क्षणांच्या जपून ठेवलेल्या अवस्था, नेत नाही. ती लगेच बाजूला. सेफमध्ये इमेज सांभाळणारा भाग म्हणजे आरबीडी. त्याची साधी कॉपी इमेजची आजची अवस्था नेते, मागचे स्नॅपशॉट सोडून देते. डीप कॉपी स्नॅपशॉटसकट नेते, पण ती होईपर्यंत व्हीएम बंद ठेवायला पाहिजे. काही टेराबाइटची इमेज फिरत्या डिस्कवरून वाचायची म्हटल्यावर कारखाना किती तास थांबवायचा?

प्रॉक्समॉक्सच्या स्क्रीनवर 'डिस्क हलवा'चं बटण आहेच. व्हीएम चालू असताना ते खरोखर हलवतं आणि छोट्या व्हीएम आम्ही त्यानंच हलवल्या. दोन गोष्टी सांगून ठेवतो. चालू व्हीएमची डिस्क अशी हलवली की पातळ इमेज पलीकडं जाऊन जाड होऊ शकते, म्हणजे रिकामी जागाही भरलेली धरली जाते. ती जागा सोडवायला नंतर व्हीएमच्या आत जाऊन ट्रिमची कमांड चालवावी लागते, आणि त्यासाठी डिस्कला डिस्कार्डचा पर्याय लावलेला असावा लागतो. दुसरी गोष्ट जास्त अडवणारी: व्हीएमला स्नॅपशॉट असतील तर डिस्क हलवून जुनी काढून टाकायला प्रॉक्समॉक्स सरळ नकार देतं. आमच्या ईआरपीला स्नॅपशॉट होते. प्रत्येक मोठ्या अपडेटच्या आधीचा एक, आणि ऑडिट संपेपर्यंत ते ठेवायचे असा वरचा हुकूम.

म्हणून आरबीडीचं स्वतःचं मायग्रेशन. २०१९ च्या नॉटिलस आवृत्तीपासून ते सेफमध्ये आहे. त्याचे टप्पे तीन: प्रिपेअर, एक्झिक्यूट, कमिट. प्रिपेअर केलं की नव्या पूलमध्ये त्याच मापाची इमेज तयार होते आणि ती जुन्या इमेजला मागून जोडलेली असते. व्हीएम लगेच नव्या इमेजवर सुरू करता येते. जो भाग अजून आलेला नाही तो वाचायला मागितला की नवी इमेज तो जुन्याकडून वाचून देते. त्या भागावर लिहायचं झालं तर आधी तो तुकडा इकडं ओढून घेते, मग लिहिते. एक्झिक्यूट उरलेले तुकडे मागच्या बाजूनं आणत राहतो. सगळं आलं की कमिट, आणि जुनी इमेज पुसली जाते. स्नॅपशॉट सगळे सोबत येतात. व्हीएम बंद ठेवावी लागते ती प्रिपेअरपुरती, म्हणजे काही मिनिटं.

बाइट नेण्याचं काम मशीन करतं, त्यात आपली हुशारी लागत नाही. आपली हुशारी लागते ती त्या इमेजला कोण कोण धरून बसलंय हे शोधण्यात. जमीन घेताना नुसती जागा बघून चालत नाही, सातबाऱ्यावर इतर हक्कात काय चढलंय, सोसायटीचा बोजा आहे का, कूळ आहे का, हे आधी बघतात. माझा या कामातला बहुतेक वेळ तसाच गेला.

पहिला हक्कदार म्हणजे चालू क्लायंट, इमेज उघडून बसलेलं मशीन किंवा प्रोग्राम. आरबीडीला इमेजचं स्टेटस विचारलं की वॉचर (इमेज उघडल्याची नोंद असलेले) कोण आहेत ते आयपी ॲड्रेससकट सांगतं. वॉचर असताना प्रिपेअर होतच नाही, ते नकार देतं, हे चांगलं आहे. पण वॉचर नाही म्हणजे कुणीच नाही, असं समजायचं नाही. ईआरपीची एक डेटा डिस्क बघताना व्हीएम बंद करून स्टेटस घेतलं तर यादी रिकामी. तरी मनाला पटेना, कारण रात्रीचा बॅकअप कुठून जातो याचं उत्तर कुणाकडं धड नव्हतं. शेवटी प्रत्येक मशीनवर जाऊन जोडलेल्या आरबीडी डिस्कची यादी काढली, तेव्हा बॅकअपच्या सर्व्हरवर त्या इमेजचा एक स्नॅपशॉट लिनक्सच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नेलमार्गे, जोडलेला सापडला. नव्या लिनक्स कर्नेलमध्ये इमेज फक्त वाचण्यासाठी जोडली तर वॉचर म्हणून नोंदच होत नाही. त्यामुळं स्टेटसमध्ये तो दिसायचा नाही, आणि काम करताना मात्र आडवा आला असता.

तिथंच दुसरा मुद्दा निघाला. हे मायग्रेशन फक्त लिबआरबीडी या लायब्ररीतून इमेज उघडणाऱ्यांना कळतं. लिनक्स कर्नेलमधला आरबीडी ड्रायव्हर मायग्रेशनमधली इमेज उघडू शकत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये स्टोरेजला केआरबीडीची (कर्नेलमधल्या आरबीडीची) खूण केलेली असेल तर व्हीएम कर्नेलमार्गे जातात. ती खूण काढून व्हीएम बंद-चालू केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमच्याकडं व्हीएमचं ठीक होतं. बॅकअपची स्क्रिप्ट तेवढी आरबीडी-एनबीडी या साधनावर आणली, ते लिबआरबीडीच वापरतं. आणि त्या सर्व्हरच्या सेफमध्ये शिरायच्या किल्लीला हक्क होते ते फक्त जुन्या पूलचे! नवीन पूलचे हक्क दिले नसते तर मायग्रेशन गुण्यागोविंदानं झालं असतं आणि बॅकअप पहिल्याच रात्री परवानगी नाही म्हणून परत फिरला असता.

तिसरे हक्कदार क्लोन. ट्रेनिंगच्या विंडोज व्हीएम एका टेम्पलेटच्या, म्हणजे नमुना व्हीएमच्या, क्लोन (नकला) आहेत. त्या आपल्या आईच्या इमेजला धरूनच जगतात. टेम्पलेट हलवता येतं, पण कमिट करताना सेफ अडवतं आणि सगळे क्लोन बंद असल्याची खात्री करून 'फोर्स' लावायला सांगतं. ज्युनिअर उत्साहात होता. मी विचारलं, "ट्रेनिंगची पोरं काय एनव्हीएमईवर एक्सेल शिकणार हाईत?" टेम्पलेट आणि त्याचं गोकुळ जिथं होतं तिथंच ठेवलं.

मग एका छोट्या, कुणाच्या कामाच्या नसलेल्या व्हीएमवर पूर्ण फेरी मारून बघितली. हे केल्याशिवाय खऱ्या इमेजला हात लावू नये, कारण प्रिपेअर केल्यावर पहिल्यांदा पोटात गोळाच येतो: जुन्या पूलच्या यादीतून इमेज गायब होते. ती आरबीडीच्या कचरापेटीत जाते. आणि कचरापेटीची साधी यादी मागितली तर तिथंही दिसत नाही, 'सगळं दाखव' म्हणावं लागतं. इमेज सुखरूप असते, फक्त कुणी चुकून उघडू नये म्हणून आत सरकवलेली असते. नव्या इमेजची माहिती काढली की फीचरमध्ये 'मायग्रेटिंग' दिसतं, आणि स्टेटसमध्ये कुठून कुठं चाललीय ते.

प्रॉक्समॉक्सला यातलं काही माहीत नसतं. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये डिस्कपुढं जुन्याच स्टोरेजचं नाव असतं, त्यामुळं व्हीएम सुरू होत नाही. फाइल हातानं बदलायची. वरची ओळ सगळेच बदलतात. पण त्याच फाइलमध्ये खाली प्रत्येक स्नॅपशॉटचा वेगळा भाग असतो आणि तिथंही डिस्कची ओळ असते. ती तशीच राहिली तर व्हीएम छान चालते आणि सहा महिन्यांनी कुणी स्नॅपशॉटवर परत जायला गेला की अडकतो. उलट, रॅमसकट घेतलेल्या स्नॅपशॉटला रॅमच्या अवस्थेची एक वेगळी छोटी इमेज असते. ती आपण हलवलेली नसते, म्हणून तिची ओळ बदलायची नाही. एडिटरमध्ये सरसकट शोधा-आणि-बदला केलं तर हीच ओळ मोडते. मी ज्युनिअरला प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचायला लावली. तो कंटाळला, पण वाचली.

आता ईआरपी. 'असली कामं रात्री करावीत' हे ज्ञान फाउंड्रीच्या बाबतीत उपयोगाचं नाही. रात्रपाळीला भट्टी चालू असते, प्रत्येक हीटची (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूची) केमिस्ट्री आणि वजन तेव्हाच सिस्टिममध्ये पडतं. रात्री अडीचला ईआरपी बंद केला तर मेल्टिंगचा सुपरवायझर फोनवर जे बोलतो ते इथं लिहिता येणार नाही. आम्ही साप्ताहिक सुट्टीची सकाळ धरली. अकाउंट्सच्या मॅडम सुट्टी असून आल्या होत्या, कारण बंद करण्याआधीचे आणि चालू केल्यानंतरचे आकडे ताडून बघायला त्यांच्याइतकं खात्रीचं माणूस नाही.

"किती वेळ जाईल हो?"

"चालू व्हायला पंधरा-वीस मिनिटं. फास्ट व्हायला दोन-चार दिवस."

"मग मी थांबतो. चहा सांगा तोवर."

डेटाबेसचा ताजा डंप (पूर्ण प्रत) काढला, तो दुसऱ्या मशीनवर उघडतोय हे बघितलं. व्हीएम आतून नीट बंद केली. स्टेटस: वॉचर नाही. बॅकअप सर्व्हरवरची यादी: रिकामी. दोन्ही डिस्कचं प्रिपेअर केलं, कॉन्फिग बदलली, व्हीएम सुरू केली. चहा आला तेव्हा लॉगिनची स्क्रीन समोर होती. मॅडमनी आदल्या दिवशीच्या क्लोजिंगचे आकडे जुळवले आणि मान हलवली.

या ठिकाणी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण मला भेटलेल्या बऱ्याच जणांना ती उलटी वाटते. मायग्रेशन रद्द करायची कमांड आहे, अबॉर्ट. ती नवी इमेज पुसते आणि जुनी होती तशी परत देते. होती तशी म्हणजे प्रिपेअरच्या क्षणाला होती तशी! त्यानंतर व्हीएमनं जे लिहिलं ते सगळं नव्या इमेजमध्ये असतं, आणि ते तिच्याबरोबर जातं. म्हणजे व्हीएम सुरू करण्याआधी अबॉर्ट ही परतीची वाट आहे. सुरू करून लोकांनी एन्ट्र्या मारल्यावर नाही. त्यानंतर मागं फिरायचं तर पुढं जाऊनच: काम पूर्ण करायचं आणि हवं असेल तर पुन्हा उलट दिशेनं मायग्रेट करायचं. म्हणून आमच्याकडं खरा निर्णयाचा क्षण कमिटचा नव्हता, मॅडमनी मान हलवली तोच होता. त्याच्या आधी काही बिनसलं असतं तर अबॉर्ट करून घरी जायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीलाच तक्रार आली: "साहेब, नवीन डिस्क टाकल्या म्हणता, आन् आज तर जास्तच हळू चालतंय की." हे होणार हे माहीत होतं, पण आधी सगळ्यांना सांगून ठेवायला हवं. डेटा अजून जुन्याच डिस्कवर असतो, वाचायला वाट लांब झालेली असते, आणि लिहिताना पहिल्यांदा तो आख्खा तुकडा ओढून आणावा लागतो. आरबीडी इमेज डिफॉल्टला ४ मेबिबाइटच्या तुकड्यांत कापलेली असते. डेटाबेसला चार ओळी लिहायच्या असल्या तरी त्या जागेचा तुकडा पहिल्यांदा पलीकडून यायला लागतो.

एक्झिक्यूट आम्ही सुट्टीच्याच दुपारी सुरू केलं होतं. सुरुवातीला ते एका टर्मिनलमधून चालवलं आणि जुन्या पूलवरच्या बाकीच्या व्हीएम कण्हायला लागल्या. ज्युनिअर रिकव्हरीचा वेग कमी करायच्या सेटिंगकडं वळला. त्याचा उपयोग होत नाही. बॅकफिलला लगाम घालणाऱ्या सेटिंग क्लस्टर स्वतः जो डेटा हलवतं त्याच्यासाठी आहेत. मायग्रेशनचं वाचन-लेखन सेफच्या नजरेत एखाद्या व्हीएमच्या वाचन-लेखनासारखंच असतं. लगाम दुसरीकडं आहे: एका वेळी किती तुकडे उचलायचे ते ठरवणारी आरबीडीची मॅनेजमेंट ऑपरेशन्सची मर्यादा, डिफॉल्ट १०. ती दोनवर आणली आणि क्लस्टर शांत झालं. फिरत्या डिस्कवर घाई करण्यात काही मिळत नाही. डिस्क वाचणारं मुंडकं इकडून तिकडं पळण्यातच वेळ जातो.

टर्मिनलमधून चालवण्याऐवजी हे काम सेफच्या 'मॅनेजर' या आतल्या प्रोग्रामकडं सोपवता येतं, टास्क म्हणून. पुढच्या इमेज आम्ही तशाच केल्या. लॅपटॉप बंद केला तरी काम चालू राहतं, आणि टास्कची नोंद क्लस्टरमध्येच असते. एकदा वळवाच्या पावसात लाइट गेली, यूपीएसनं एक नोड (सर्व्हर) सोडून दिला, आणि मॅनेजर नेमका त्याच नोडवर होता. दुसऱ्या नोडवरच्या राखीव मॅनेजरनं सूत्रं घेतली आणि यादी तपासली तर टास्क तिथंच, पुढं सरकलेला. हातानं चालवलेलं एक्झिक्यूट मध्येच तुटलं तरी पुन्हा तीच कमांड द्यायची, बिघडत काही नाही.

या मधल्या काळात मला खरी धास्ती वेगळी होती. इमेजचे निम्मे तुकडे एनव्हीएमईवर, निम्मे एचडीडीवर. म्हणजे ईआरपी आता एकाच वेळी दोन पूलवर अवलंबून. दोन्हीकडं तीन-तीन प्रती असल्या तरी एरवी एकाच बाजूची काळजी असते, ती आता दोन्ही बाजूंची. त्या दिवसांत मी कुठलंही अपडेट केलं नाही, कुठली डिस्क बदलली नाही. एका जुन्या डिस्कच्या स्मार्ट रिपोर्टमध्ये (तब्येतीच्या अहवालात) खराब सेक्टर वाढताना दिसत होते, तिला हात न लावता फक्त बघत राहिलो. मालक विचारायचे, "झालं काय?" मी टक्केवारी सांगायचो. सकाळी चालायला निघताना रंकाळ्यावर ढग दिसले की पाय आपोआप जलद पडायचे.

स्टेटस 'एक्झिक्यूटेड' झालं. कमिट मात्र लगेच केलं नाही. जुनी इमेज कचरापेटीत पडून राहिल्यानं जागेशिवाय काही जात नाही, आणि जागा होती. एक पूर्ण आठवड्याचं काम, एक बॅकअप आणि त्या बॅकअपमधून परत उभी केलेली एक व्हीएम, एवढं होऊ दिलं. खरं तर तोवर जुनी इमेज परत घ्यायच्या लायकीची उरलेली नव्हती, तिच्यात आठवड्यापूर्वीचा डेटा होता. पण एखादा स्नॅपशॉट नीट उघडला नाही तर ताडून बघायला मूळ हाताशी असावं, एवढाच हेतू. ऑडिटचे स्नॅपशॉट एकेक उघडून बघितले आणि कमिट दिलं. ते स्वतः बराच वेळ घेतं, कारण लाखो तुकडे पुसायचे असतात.

कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचं उलटं करायचं होतं: ते एचडीडीवरच ठेवायचं, पण तीन प्रतींची चैन बंद करायची. त्यासाठी इरेझर कोडिंगचा पूल केला, म्हणजे पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे तुकडे अधिक हरवलेलं भरून काढणारे जादा तुकडे. चार अधिक दोनचा साचा मनात होता, पण त्यात प्रत्येक तुकडा वेगळ्या सर्व्हरवर ठेवायला सहा सर्व्हर लागतात आणि आमच्याकडं पाच. म्हणून दोन अधिक दोन. तिप्पट जागेऐवजी दुप्पट, आणि एक सर्व्हर पडला तरी त्याचे तुकडे बसवायला पाचवा रिकामा राहतो. असल्या पूलवर इमेजचा फक्त डेटा ठेवता येतो, तिची नोंदवही प्रती ठेवणाऱ्या पूलमध्येच राहते. आणि आधी त्या पूलला ओव्हररायटिंगची परवानगी द्यावी लागते. प्रिपेअर करताना फक्त डेटा पूल तेवढा वेगळा सांगितला. इमेजचं नाव आणि पूल दोन्ही तेच राहिले, त्यामुळं प्रॉक्समॉक्सच्या कॉन्फिगला हातच लावावा लागला नाही. डेटाबेस मात्र असल्या पूलवर टाकू नका. बारीक बारीक लिहिण्यात तो दमतो.

जूनची पहिली मोठी सर आली तेव्हा कचरापेटीची 'सगळं दाखव'वाली यादी रिकामी होती. बॅकअपच्या किल्लीवरचे जुन्या पूलचे हक्क आम्ही ठेवलेत, कारण टेम्पलेट आणि ट्रेनिंगच्या व्हीएम तिथंच आहेत. महिनाअखेरीला स्टॉकचा रिपोर्ट आता मॅडम जागेवर बसूनच काढतात.

त्यांचं बघून एचआरचे साहेब आले. हजेरीचं सॉफ्टवेअर फार हळू आहे, तेवढं नवीन डिस्कवर टाका म्हणाले. त्या व्हीएमचा डिस्कवरचा ताण बघितला तर जवळजवळ काहीच नाही. ती वाट बघते गेटवरच्या पंचिंग मशीनची, आणि ते मशीन लटकतंय वॉचमनच्या केबिनमधल्या वायफायवर. मी त्यांना केबल ओढायला सांगितलंय. इमेज जुन्याच पूलमध्ये आहे.